माणदेश नकाशावर कुठे संपतो?

महाराष्ट्राचे सहा महसुली विभाग नकाशावर दाखवणं फारसं अवघड नाही. जिल्ह्यांच्या हद्दींची फाइल उघडायची, ३६ जिल्ह्यांना सहा रंग वाटायचे, कोपऱ्यात सूची लावायची. हद्दी ठरलेल्या आहेत, राजपत्रात छापलेल्या आहेत, त्यावर कुणी वाद घालत नाही. पण एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला "गाव कुठलं तुमचं?" असं विचारलं तर महसुली विभागाचं नाव कुणी सांगत नाही. कुणी म्हणतं आम्ही माणदेशी, कुणी बालाघाटातले, कुणी आंदर मावळातले, कुणी झाडीपट्टीचे, कुणी तळकोकणातले. या नावांना तहसील कार्यालय नाही, जनगणनेत रकाना नाही, हद्दीचा दगडही नाही. तरीही सोयरीक जुळवताना, मजूर बोलावताना, बैल विकत घेताना, शिवी देतानासुद्धा हीच नावं तोंडात येतात.

मी नकाशे काढते. गेली काही वर्षं या बिनदप्तरी मुलखांचे नकाशे नीट कसे काढावेत, याच प्रश्नाने मला धरून ठेवलं आहे. नीट म्हणजे दोन गोष्टी. एक, ज्यांचा तो मुलूख आहे त्यांच्यावर अन्याय न करणारा. दुसरी, डोळ्यांनी अधू असलेल्याला, रंग न ओळखणाऱ्याला, साध्या फोनवर पाहणाऱ्याला, सगळ्यांना वाचता येणारा. सुरुवातीला मी ही दोन वेगळी कामं समजत होते. आता तसं वाटत नाही.

माणदेशच घ्या. माण नदी साताऱ्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात उगम पावते; दहिवडी, म्हसवडवरून आटपाडीच्या आणि सांगोल्याच्या रानातून जात पंढरपूरच्या खाली भीमेला मिळते. तिच्या दोन्ही अंगांचा कोरडा मुलूख म्हणजे माणदेश, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पण हा मुलूख आज सातारा, सांगली, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत वाटला गेला आहे आणि ही वाटणी आजचीच नाही. ब्रिटिश काळात माण आणि खटाव हे तालुके सातारा जिल्ह्यात होते, आटपाडी औंध संस्थानात होतं आणि जत हे स्वतंत्र संस्थान होतं. म्हणजे एका कारभाराखाली नसतानाही माणसांनी हे नाव टिकवलं. पाऊस, खिलार जनावरं, मेंढरं, ज्वारी-बाजरी आणि गाव सोडून पोटामागे जाणं यांनी ते टिकवलं. आटपाडी-खानापूर भागातली गलाई करणारी कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. त्यांच्या मुलांनी कदाचित माण नदी पाहिलीही नसेल, पण मुलूख विचारला तर ती हेच नाव सांगतात.

आता हा माणदेश जिल्हावार नकाशावर शोधा. सापडत नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला दहिवडीकडे ५००च्या आसपास. या दोन्ही ठिकाणांना एकाच हिरव्या रंगात बुडवून 'सधन पश्चिम महाराष्ट्र' असं लिहिलं की माणच्या शेतकऱ्याचा दुष्काळ रंगाखाली गाडला जातो. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने अनुशेष मोजला तो जिल्हा हे एकक धरून. त्या वेळी जी आकडेवारी हाताशी होती ती जिल्ह्यांची होती, हे मी समजू शकते. पण सरासरी जिल्ह्याची काढली की जिल्ह्याच्या कडेला पडलेला तालुका त्यात विरघळतो. पुढे १९९४ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली तीन विकास मंडळं आली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. जव्हारपासून जतपर्यंत आणि नंदुरबारपासून सावंतवाडीपर्यंत सगळं 'उर्वरित'. नकाशावर एका रंगाचा हा एवढा मोठा पट्टा पाहिला की माझा जीव कासावीस होतो, कारण त्यात निदान दहा-बारा मुलूख आहेत आणि त्यांतल्या एकाचंही गाऱ्हाणं दुसऱ्यासारखं नाही.

मग हद्द कशी शोधायची? लोकांच्या हातात कोरा नकाशा आणि पेन्सिल द्यायची, अशी एक पद्धत अभ्यासक वापरतात. माझा अनुभव असा की कागद हातात आला की माणसं बिचकतात. शाळेतला भूगोलाचा पेपर आठवतो बहुधा. त्यापेक्षा गावांची नावं एकेक करून विचारलेली बरी. म्हसवड माणदेशात का? दिघंची? सांगोला? नातेपुते? विटा? जत? आटपाडीच्या बाजारात शेळ्या घेऊन बसलेल्या एका आबांना मी अशी नावं विचारत होते. म्हसवड म्हटल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, आवं म्हसवड नाय तर माणदेश कशाला म्हनायचं?" दिघंचीला नुसती मान हलली. जत म्हटल्यावर मात्र त्यांनी तंबाखू मळता मळता जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "तसं म्हनायला हरकत न्हाई."

हे 'तसं म्हणायला हरकत नाही' माझ्या वहीतलं सगळ्यात मोलाचं उत्तर आहे. हो आणि नाही यांच्यामध्ये मी त्याच्यासाठी तिसरा रकाना ठेवते. मुलखाची कड तिथे असते. जिल्ह्याची हद्द ओलांडली हे पाटीवरून कळतं. माणदेश ओलांडला हे अशा थांबण्यावरून कळतं. नकाशाने हे थांबणं दाखवलं पाहिजे, ते खोडून तिथे ठळक काळी रेघ मारता कामा नये.

आणि कुणाला विचारलं, यावर फार अवलंबून असतं. नुसत्या बाजारात विचाराल तर पुरुषांचा, म्हणजे खरेदी-विक्रीचा माणदेश मिळतो. बचत गटाच्या बैठकीत बायकांना विचारलं तर त्यांच्या उत्तरात सोयरीक असते: आमच्याकडच्या लेकी कुठवर देतात आणि कुठल्या सुना आल्या की त्यांना "तिकडची" म्हणतात. माहेर एका मुलखात, सासर दुसऱ्या मुलखात अशी बाई ही माझ्या लेखी सर्वांत भरवशाची जाणकार. दोन्हीकडची भाकरी, दोन्हीकडचं बोलणं तिने निभावलेलं असतं, आणि फरक कुठल्या गावापासून सुरू होतो हे तिला नेमकं सांगता येतं. मेंढपाळांना विचारलं तर मुलूख हा प्रदेश राहतच नाही, वाट होतो: दिवाळीनंतर इथून निघायचं, इथे पाणी, इथे बसायला रान, मृगाला परत. ती वाट रंगवलेल्या क्षेत्रफळात मावत नाही. तिला नकाशावर वेगळी रेघच द्यावी लागते.

खान्देशाची गोष्ट वेगळी. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे रंगवले की खान्देश झाला, असं वर्तमानपत्रांत सर्रास चालतं. पण सटाणा, कळवण, देवळा, मालेगावच्या खेड्यांत जा. जिल्हा नाशिक, आणि घरात अहिराणी. 'माझं'ऐवजी 'मन्हं' म्हणणाऱ्या माणसाला नुसत्या जिल्ह्याच्या पाटीवरून खान्देशाबाहेर काढायचं, हे मला पटत नाही. त्यातही बागलाणच्या लोकांना स्वतःचं बागलाण हे नाव प्यारं आहे, त्यामुळे तिथे दोन नावं एकावर एक येतात आणि येऊ द्यावीत. पूर्वेला रावेर-यावलकडे लेवा बोली सुरू होते, ती अहिराणी नव्हे. आणि फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशाची राजधानी असलेलं बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. राज्याच्या सीमेवर रंग कापून टाकला तर खान्देशाचं जुनं राजधानीचं शहरच नकाशाबाहेर पडतं.

राज्याची सीमा हा नाजूक विषय आहे, याची मला जाणीव आहे. सीमाभागाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि बेळगाव-निपाणीच्या माणसांसाठी तो पुस्तकातला प्रश्न नाही. म्हणून मी दोन थर वेगळे ठेवते. राज्याची सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे, बारीक आणि स्पष्ट. आणि लोकांच्या बोलण्यातला मुलूख त्या सीमेच्या अल्याड-पल्याड जिथवर जाईल तिथवर, वेगळ्या खुणेने. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तिथल्या बोलीला आणि बाजारहाटाला त्या साली कुणी नवी दिशा दाखवली नाही.

विदर्भ एका रंगात दाखवणं हे तर मला कधीच मान्य झालं नाही. वऱ्हाड आणि झाडी हे दोन मुलूख एकमेकांपासून इतके निराळे आहेत की त्यांना एकच छटा देणं म्हणजे काळी कापसाची जमीन आणि धानाची बांधी एकच म्हणणं. भंडारा-गोंदियाकडचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना तिथे सगळे 'मामा तलाव' म्हणतात, ते नकाशावर टिंबांनी मांडले की झाडीचा बराचसा आकार आपोआप उमटतो. दिवाळीनंतर वडशाहून निघणाऱ्या नाटक कंपन्यांचे प्रयोग ज्या गावांत लागतात ती गावं मांडली तर झाडीपट्टीची दुसरी कड सापडते. या दोन कडा तंतोतंत जुळत नाहीत आणि दोन्ही खऱ्या आहेत. राजुऱ्याचं काय करायचं, हा आणखी एक प्रश्न. तो भाग १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडमध्ये आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. तो आज विदर्भात आहे, पण निजामी राजवटीची आठवण त्याला मराठवाड्याशी जोडते. अशा तालुक्याला एकाच रंगात टाकायचा हट्ट मी धरत नाही.

आता रंगांचं. महाराष्ट्रात भगवा, निळा, हिरवा, पिवळा यांतला एकही रंग मुका नाही. मराठवाड्याला हिरवा किंवा नागपूरला निळा दिला की पाहणारा पहिल्यांदा मुलूख पाहत नाही, दुसरंच काहीतरी पाहतो. कोकण गर्द हिरवं आणि माण भुरकट तपकिरी रंगवलं की माणच्या मुलाला आपल्या गावाबद्दल काय वाटावं हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं. त्यातून लाल-हिरवा फरक न ओळखणारी माणसं, विशेषतः पुरुष, प्रत्येक गावात आहेत. त्यांतल्या अनेकांना आपल्याला तो फरक दिसत नाही हेही माहीत नसतं. क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांध माणसाला नकाशा कसा दिसेल ते पाहायची सोय आहे. ती वापरतेच, पण माझी खरी परीक्षा त्याहून साधी आहे: नकाशा झेरॉक्सच्या दुकानात काळा-पांढरा काढून आणायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत तो शेवटी तसाच पोहोचणार असतो.

गणितात एक प्रसिद्ध प्रमेय आहे: सपाट नकाशा कितीही गुंतागुंतीचा असला, तरी शेजारच्या प्रदेशांना वेगळा रंग द्यायला चार रंग पुरतात. १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीने ते सिद्ध झालं. मला ते अतिशय आवडतं, पण ते माझ्या उपयोगाचं नाही. त्याची अट अशी की प्रत्येक तुकड्याची हद्द पक्की असावी आणि एक जागा एकाच तुकड्यात असावी. जतला ही अट मान्य नाही, सटाण्यालाही नाही.

म्हणून मी रंग भरणं जवळजवळ सोडलं आणि टिंबं घेतली. एक टिंब म्हणजे एक गाव. जिथे विचारलेल्यांपैकी सगळे हो म्हणाले तिथे भरीव टिंब, 'तसं म्हणायला' असेल तिथे पोकळ, नाही असेल तिथे काही नाही. दोन मुलूख एकमेकांत शिरत असतील तर गोल आणि चौकोनी खुणा शेजारीशेजारी बसतात. रंग काढून घेतला तरी नकाशा वाचता येतो. झेरॉक्समध्ये टिकतो. आणि माणदेश कुठे संपतो याचं उत्तर कागदावर दिसतं: दहिवडी-म्हसवड-आटपाडीला दाट, पुढे विरळ, जतकडे पोकळ.

अक्षरांचा प्रश्न मात्र टिंबांनी सुटत नाही. इंग्रजी नकाशांत मोठ्या प्रदेशाचं नाव त्या प्रदेशभर पसरून लिहितात. अक्षरं दूर दूर ठेवली की नाव कुठून कुठवर पोहोचतं ते कळतं. तीच आज्ञा सॉफ्टवेअरला देवनागरीसाठी दिली की आधी शिरोरेषा तुटते. तिथवर ठीक आहे, जुन्या मराठी नकाशांतही 'म रा ठ वा डा' असं सुटं लिहिलेलं दिसतं आणि डोळ्याला त्याची सवय आहे. पण काही सॉफ्टवेअर अक्षर कुठे संपतं हेच जाणत नाहीत. 'खान्देश' पसरायला सांगितलं की अर्धा न् पाय मोडून एकीकडे पडतो आणि 'दे' दुसरीकडे. 'विदर्भ'चा रफार भ सोडून हवेत लटकतो. 'झाडीपट्टी'तला जोड ट्ट फुटतो. त्यामुळे मी अशी नावं हाताने तोडते: खा, न्दे, श. वि, द, र्भ. झा, डी, प, ट्टी. वळणावर लिहायचं असेल तर बाक अगदी कमी ठेवते, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीतल्या गावांवर चढतात. शिवाय सगळ्या मुलखांच्या नावांना एकच आकार आणि एकच जाडी. मावळ ठसठशीत आणि झाडी बारीक, असं केलं की वाचणाऱ्याच्या मनात मोठं-लहान आपोआप ठरतं. अक्षर आणि मागचा कागद यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५ : १ असावा असा वेबसाठीचा मान्य दंडक आहे, फिकट राखाडीवर पांढरं लिहिण्याची हौस त्यात बसत नाही, आणि चाळिशी लागलेल्या कुणालाही विचारा, ते बरंच आहे.

माझी एक मैत्रीण जन्मापासून पाहू शकत नाही. फोनवरचं सगळं ती स्क्रीन रीडरने ऐकते. तिच्यासाठी नकाशासोबत मजकूर लिहायला मी बसले, आणि या कामाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. नकाशात मला हद्द काढून मोकळं होता येतं. तिला शब्दांत सांगायचं तर प्रत्येक वाक्याला आधार लागतो. "माणदेशाची पूर्व सीमा सांगोल्याजवळ आहे," असं मी लिहिलं तर ती लगेच म्हणते, "जवळ म्हणजे कुठे? आणि असं कोण म्हणतं?" मग मला लिहावं लागतं: सांगोला गावात विचारलेल्या बहुतेकांनी हो म्हटलं, त्याच्या पूर्वेकडच्या गावांत लोक पंढरपूरचं नाव आधी घेतात. ज्या हद्दीबद्दल असं वाक्य लिहिता येत नव्हतं ती मी पुसली. आता मी उलट्या क्रमाने काम करते: आधी मजकूर, मग नकाशा. जे वाचून दाखवता येत नाही ते कागदावर काढायचं नाही.

हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला ओळखता येणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतांत, असणं अत्यावश्यक आहे. आपल्याकडची कितीतरी चांगली स्थानिक पुस्तकं, स्मरणिका आणि अहवाल जुन्या फॉन्टमध्ये अडकले आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण स्क्रीन रीडर त्यातून असंबद्ध आवाज काढतो. नकाशातली नावं चित्रात विरघळवून टाकली तरी तेच होतं. म्हणून मी नावं अक्षररूपातच ठेवते, गावांची यादी साध्या तक्त्यात देते, आणि 'खानदेश' व 'खान्देश' अशी दोन्ही लेखनं शोधात सापडतील असं पाहते. स्पर्शाने वाचायच्या नकाशांवर कोलकात्याच्या राष्ट्रीय अ‍ॅटलास संस्थेने काम केलं आहे, तिचा ब्रेल अ‍ॅटलास आहे. मी त्या तोडीचं काही करू शकत नाही. पण टिंबांचा माणदेश जाड कागदावर उलट्या बाजूने दाभणाने टोचून मैत्रिणीला दिला तेव्हा तिने बोट फिरवत फिरवत जतपाशी हात थांबवला आणि विचारलं, "इथे लोकांचं ठरत नाहीये का?" दाट-विरळ हा फरक तिच्या बोटांना बरोबर कळला होता. रंगाने भरलेला नकाशा तिला हे कधीच सांगू शकला नसता, आणि खरं तर डोळस वाचकालाही त्याने ते सांगितलं नसतं.

सगळ्याच मुलखांच्या कडा अशा धूसर असतात असं नाही. मावळात काम करताना मी सुखावते. पवन मावळ म्हणजे पवनेचं खोरं, आंदर मावळ आंद्रेचं, नाणे मावळ इंद्रायणीचं. पलीकडे गुंजण मावळ गुंजवणीचं, हिरडस मावळ नीरेच्या उगमाकडचं. इथे डोंगराची धारच हद्द आहे. धारेच्या अलीकडे पडलेलं पाणी एका मावळाचं, पलीकडे पडलेलं दुसऱ्याचं. बारा मावळांच्या याद्या वेगवेगळ्या मिळतात, पण कामशेतच्या बाजारात आलेल्या बाईला तिचं गाव कुठल्या मावळातलं हे विचारा, तिचं उत्तर चुकत नाही. इथे मी टिंबं सोडून सरळ रेघ काढते. रेघेला माझा विरोध नाहीच. जिथे माणसांनी ती मनात काढलेली आहे तिथे ती नकाशावरही यावी.

सध्या मी पैनगंगेवर अडले आहे. पुस्तकात ती विदर्भ आणि मराठवाडा यांची हद्द आहे: उत्तरेला उमरखेड-पुसद, दक्षिणेला हदगाव-हिमायतनगर. पण माहूर आज नांदेड जिल्ह्यात आणि म्हणून मराठवाड्यात असलं तरी मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात माहूर हे एक सरकार, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग, होतं, आणि किनवट १९५६ पर्यंत आदिलाबादेत होतं. माझ्या वहीत या पट्ट्यातल्या गावांपुढे 'तसं म्हणायला' इतक्या वेळा आलं आहे की नदीच्या दोन्ही काठांवर पोकळ टिंबांचा एक रुंद पट्टा तयार झाला आहे, आणि त्याला स्वतःचं नाव आहे की नाही हे मला तिथल्या माणसांकडूनच ऐकायचं आहे. त्या काठांवर तुमचं माहेर, सासर, शेत किंवा नोकरी असेल तर मला कळवा: गावाचं नाव, तुम्ही स्वतःला कुठले म्हणवता, आणि नदीपलीकडच्यांना काय म्हणता.